सुट्या भागांची पसंती

सोलापुरात नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा असेल तर त्याचे सुटे भाग आधी घर बघायला येतात, आणि घर पसंत पडलं नाही तर येत नाहीत. तयार कॉम्प्युटरचं तसं नसतं. तो खोक्यात बसून येतो, ठेवाल तिथे राहतो आणि काही वर्षांनी कुरकुर न करता मरतो. पण ज्यांना काम आणि खेळ दोन्ही एकाच यंत्रावर करायचे असतात त्यांना भाग वेगवेगळे निवडावे लागतात, आणि मग भागही त्यांना निवडतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नकार आला तर मध्यस्थ येऊन "पत्रिका जुळत नाही" एवढंच सांगतो, आणि घरचे काय ते समजून घेतात.

रेवती हंचाटेला असा कॉम्प्युटर हवा होता. न बांधलेल्या बंगल्यांची चित्रं काढून देणं हा तिचा व्यवसाय. पाया खणायच्या आधीच तिच्या पडद्यावर बंगल्यावर ऊन पडायचं, गॅलरीत कुंड्या यायच्या आणि पोर्चमध्ये मालकाने अजून न घेतलेली गाडी उभी राहायची. जुना कॉम्प्युटर एका डॉक्टरांच्या बंगल्याचा जिना काढता काढता बंद पडला तो पडलाच. नवरा ओंकार मालवाहू जहाजावर असायचा. घरात ती आणि सासरे नागनाथअप्पा, दोघंच.

खेळ अप्पांचा होता. ते दुपारी बसवराज कलशेट्टींबरोबर रणगाड्यांची लढाई खेळत. बसवराज हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. मुलाने त्याला मेलबर्नला नेल्यापासून दोघं फोनवर बोलून बघत, पण फोनवर "जेवलास का" आणि "जेवलो" याच्यापुढे गाडी जात नसे. रणगाड्यात बसलं की मात्र दोघांना कंठ फुटे. शत्रूवर तोफ रोखलेली असताना ते रक्तात साखर किती निघाली ते सांगत, सुनांची स्तुती करत, मेलेल्या मित्रांची आठवण काढत. जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा रेवतीचं काम अडलं, आणि अप्पांचं बोलणंच बंद झालं. त्यांनी अर्थातच तसं सांगितलं नाही. "तुझं काम महत्त्वाचं. माझं काय, असू दे की," म्हणाले.

अप्पांचा जन्मच "असू दे की" मध्ये गेला होता. पाणीपुरवठ्यात ते चावीवाले होते. कोणत्या पेठेला आधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात असे, आणि स्वतःच्या गल्लीला त्यांनी नेहमी शेवटी सोडलं. गल्लीने त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. लग्नाच्या पंगतीतही ते शेवटच्या ओळीत बसत आणि जिलेबी संपली असं वाढप्याने सांगितलं की "बरं झालं, गोड वर्ज्यच आहे" म्हणत. साखर त्यांना नंतर झाली, हे वाक्य आधीपासून तयार होतं.

मध्यस्थ म्हणून दुकानातले चिडगुपकर आले. हा माणूस बोलायला गोड आणि अनुभवाने पक्का. त्यांनी घर पाहिलं, खिडक्या पाहिल्या, आणि रेवतीला बाजूला घेऊन सांगितलं, "आधी प्रोसेसरकडचे येतील. ती मंडळी कामाच्या घराण्यातली. खेळाचं नाव काढू नका. परवा ग्राफिक्स कार्ड येईल, त्यांच्यापुढे कामाचं बोलू नका. खेळावर वाढलेलं घराणं आहे ते."

"पण पुढे कळणारच की," रेवती म्हणाली.

"पुढे कळतंच हो वहिनी. लग्नात कोण सगळं आधी सांगतं? मी घोरतो हे आमच्या घरच्यांनी सांगितलं असतं तर मी आज बिनलग्नाचा असतो."

प्रोसेसर आणि मदरबोर्डबाई सकाळी रिक्षाने आले. सुट्या भागांना चहा विचारत नाहीत, त्यांच्यासमोर टेबलफॅन लावतात. तो मंद लावायचा, जोरात लावला तर यजमानांना घाई आहे असं दिसतं. घरच्यांनी सुती कपडे घालायचे आणि समोर येण्याआधी, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून, खिडकीच्या लोखंडी गजाला एकदा हात लावून यायचं. रेवतीने आणि अप्पांनी हे सगळं केलं. अप्पांनी तर गजाला दोनदा हात लावला.

प्रोसेसर चौकोनी, लहानखुरा आणि मोजकं बोलणारा होता. बोलणं बहुतेक मदरबोर्डबाईच करत होत्या.

"उन्हाळा कसा असतो इकडे?" त्यांनी विचारलं.

"असतो," अप्पा म्हणाले. सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

"आमच्याकडे कूलर आहे, पाण्याचा," रेवती घाईने म्हणाली. प्रोसेसर आणि मदरबोर्डबाई एकदम मागे सरकले. सुट्या भागांपुढे ओलाव्याचं नाव काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. चिडगुपकरांनी "तो दुसऱ्या खोलीत असतो" असं सांगून वेळ मारून नेली.

"धूळ?"

"दार लावून घेतो."

"घरघंटी आहे का घरात?"

"आहे. पण ती मागच्या पडवीत, आणि दळण आठवड्यातून एकदाच."

मदरबोर्डबाईंनी ते मनात धरलं. मग त्यांनी विचारायचं तेच विचारलं. "घरात कुणी खेळतं का?"

"छे हो," रेवती म्हणाली, "खेळायला वेळ कुणाला आहे?"

अप्पांनी मान खाली घातली. प्रोसेसरने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "काम किती असतं?" रेवतीने डॉक्टरांच्या जिन्यापासून सगळं सांगितलं, आणि प्रत्येक पायरीवरचं ऊन वेगळं काढावं लागतं हे ऐकून प्रोसेसर खूश झाला, निदान तसा दिसला.

ग्राफिक्स कार्ड ठरल्याप्रमाणे आलं, वेगळ्या रिक्षाने. अंगावर तीन पंखे, लांबी हातभर, आणि वजन असं की त्याला बसवायचं म्हणजे खालून टेकू द्यावा लागतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसा प्रकार. रेवतीने फॅन लावला, तर कार्ड म्हणालं, "राहू द्या. आम्ही आमचे आणलेत."

त्याला अप्पा आवडले. अप्पांनी दरीतली लढाई सांगितली, धुक्यातून रणगाडा काढताना बसवराजने डावीकडे घ्यायला सांगितलं आणि आपण नेमकं उजवीकडे घेतलं तेही सांगितलं. कार्डाने धूर कसा दिसतो, चिखल उडतो का, पाण्यात आकाश पडतं का, असं बारकाईने विचारलं.

"घरात कामधाम चालतं का काही?" जाताना त्याने विचारलं.

"मी घरीच असते," रेवती म्हणाली. हे काही खोटं नव्हे, असं तिने मनाशी म्हटलं. संध्याकाळपर्यंत ती तेच म्हणत होती.

आता ही सगळी मंडळी दुकानात एकाच फळीवर राहतात हे चिडगुपकरांना ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी तो सल्ला दिला. शेजारी शेजारी राहणारे दोन दिवस गप्प बसतील असं फक्त मध्यस्थांनाच वाटू शकतं. ठरावाच्या बैठकीला सगळे एकत्र आले तेव्हा कुणी नमस्कार घेतला नाही.

प्रोसेसर, मदरबोर्डबाई आणि कार्ड सोफ्यावर बसले. रॅमच्या दोन जुळ्या पट्ट्या पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या बाकावर मध्ये एक जागा सोडून बसल्या, कारण त्यांच्यात तशीच पद्धत आहे. अप्पा चुकून त्या मधल्या जागेत टेकायला गेले, चिडगुपकरांनी त्यांना वेळीच उठवलं. वीजपुरवठा बघणारे एसएमपीएस सगळ्यांत वडील. त्यांनी खुर्ची नाकारली आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसले.

"आम्हाला सांगितलं, खेळत नाही," प्रोसेसर म्हणाला.

"आम्हाला सांगितलं, काम नाही," कार्ड म्हणालं.

"दोन्ही घराण्यांना," रॅमची एक पट्टी म्हणाली.

"वेगवेगळं," दुसरीने वाक्य पुरं केलं.

चिडगुपकर घसा खाकरून काही बोलणार होते, पण अप्पांनी हात जोडले. "चूक झाली. खेळ माझा आहे. तो सोडतो मी. सूनबाईच्या कामाला तेवढं या."

"अप्पा, तुम्ही गप्प बसा," रेवती म्हणाली. चारचौघांत सासऱ्यांना असं बोलल्याचं तिला वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. "काम माझं, खेळ त्यांचा. दोन्ही आहे. आम्ही लपवलं, कारण तुम्ही नाही म्हणाल अशी भीती होती."

मदरबोर्डबाईंना हे फारसं लागलं नाही. त्या म्हणाल्या की काम आणि खेळ एकत्र नांदतात, त्यात हरकत काहीच नाही, प्रोसेसर आणि कार्ड दोघंही दोन्ही करू शकतात, फक्त त्यांना लाडाने विचारावं लागतं. प्रश्न वेगळा होता. "समजा, एकाच दुपारी दोघांनाही यंत्र लागलं. तर आधी कुणाचं?"

"सूनबाईचं," अप्पा म्हणाले.

"अप्पांचं," रेवती म्हणाली.

"एका घरातून दोन उत्तरं आली," मदरबोर्डबाई म्हणाल्या. "आधी सुनेचं असेल तर तसं सांगा, आम्ही राहू. आधी सासऱ्यांचं असेल तरी राहू. पण दोन उत्तरं घेऊन आम्हाला चालता येत नाही."

"माझं काय हो," अप्पा म्हणाले, "तिचं झाल्यावर उरला वेळ तर..."

"उरला वेळ हे उत्तर नाही."

सगळ्यांनी एसएमपीएसकडे पाहिलं. ते म्हणाले, "यायला हरकत नाही. रोज विचारायचं. दोघांचं उत्तर एक आलं की वीज सोडायची. नाही आलं तर नाही." आणि बैठक संपली. चिडगुपकरांनी पेढे वाटले, म्हणजे अप्पा सोडून सगळ्या माणसांना.

यंत्र जोडलं गेलं. काळी कॅबिनेट, एका बाजूला काच, आत सगळे आपापल्या जागी, कार्डाला खालून टेकू. दिसायला देखणं होतं, शेजारच्या बायका बघून गेल्या. आणि ठरल्याप्रमाणे बटण दाबलं की आतून मदरबोर्डबाई विचारत, "आज आधी कुणाचं?"

"सूनबाईचं," अप्पा म्हणत.

"अप्पांचं," रेवती म्हणे.

मग काही होत नसे. थोड्या वेळाने बांधकामवाल्या इनामदारांचा फोन येई, चित्र कधी मिळेल म्हणून, आणि रेवती हरलेल्या आवाजात "बरं, माझं" म्हणे. उत्तर एक आलं की वीज सुटे, आणि ती कामाला लागे. प्रोसेसर असा काही चाले की डॉक्टरांच्या जिन्यावर ऊन सरकताना दिसे. काम झालं की ती उठे. "अप्पा, आता तुम्ही." बटण पुन्हा दाबलं जाई, प्रश्न पुन्हा येई, आणि अप्पा पुन्हा म्हणत, "सूनबाईचं. तिला अजून काही करायचं असेल."

"मला काही करायचं नाहीये!"

"असेल काहीतरी. असू दे की."

एकदा तिने फसवून बघितलं. "माझं" म्हणून यंत्र चालू केलं आणि अप्पांना खुर्चीत बसवलं. प्रोसेसर थांबला. "काम कुठे आहे?" म्हणाला. रणगाडा पडद्यावर अर्धा उमटून विरून गेला. अप्पा लगेच उठले, जणू काही कुणाच्या राखीव जागेवरून उठवलं होतं.

त्या दिवशी रेवती भांडली. सासऱ्यांशी ती कधी भांडली नव्हती, त्यामुळे तिला नीट भांडता आलं नाही, मध्येच रडू आलं. "तुमच्या या चांगुलपणाचा मला वैताग आलाय अप्पा. आई होत्या तेव्हा त्यांना वैताग यायचा, आता मला येतो. रोज मी माझं म्हणायचं आणि रोज तुम्ही थोर व्हायचं. घरात दुपारी तुमचा आवाज नसतो. मला ते सहन होत नाही."

"जमत नाही गं मला," अप्पा म्हणाले. "तोंडात येतं, बाहेर पडत नाही." भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. अप्पांच्या घरी ती थोरली बहीण होती आणि तिचंच चाले.

मग बसवराजचा फोन आला. नेहमीसारखं "जेवलास का" झालं, आणि पुढे पहिल्यांदाच तो फोनवर काही बोलला.

"नागू, ऐक बे. जोड्या लावायल्यात खेळात, नव्या हंगामाच्या. शुक्रवारी शेवटचं. एकदा लागली जोडी की वर्षभर मोडत नाही. एक पोरगं मागं लागलंय, ब्राझीलचं. चांगलं खेळतंय. भाषा कळत नाही, पण तोफ चांगली मारतंय."

"मग घे की त्याला," अप्पा म्हणाले. "चांगलं पोरगं असेल तर."

"तुला काहीच वाटत नाही का बे?" बसवराजने विचारलं. आणि अप्पांनी उत्तर द्यायच्या आत, किंवा ते देणारच नाहीत हे ओळखून, म्हणाला, "शुक्रवारी दुपारी बसतो मी. तू आलास तर तू. नाहीतर ते पोरगं."

शुक्रवारी इनामदारांचं चित्रही द्यायचं होतं. नेमकं. गिऱ्हाईक समोर बसवून इनामदार वाट बघत होते, आणि रेवतीच्या बंगल्याला अजून छप्पर नव्हतं. तिने सकाळीच "माझं" म्हणून काम उरकलं असतं, पण सकाळी गल्लीत वीज नव्हती, आणि ती आली तेव्हा दुपार झाली होती. दोघं यंत्रासमोर उभे राहिले. अप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला. रेवतीने बटण दाबलं.

"आज आधी कुणाचं?" मदरबोर्डबाईंनी विचारलं.

रेवती म्हणाली, "अप्पांचं." तिने ठरवलं होतं की आज इनामदार गेले तरी बेहत्तर, आपण "माझं" म्हणायचं नाही.

"नागनाथराव?"

अप्पांनी ओठ ओले केले. "सूनबाईची हरकत नसेल तर..."

"हरकतीचं विचारलेलं नाही."

"बसवराज थांबलाय तिकडे. त्याचं आधी होऊ दे."

"बसवराज या घरात राहत नाहीत," मदरबोर्डबाई शांतपणे म्हणाल्या. "सूनबाईंचं की तुमचं?"

"दोघांचं म्हटलं तर?"

"आधी एकाचंच असतं."

रेवतीला वाटलं, पुढे होऊन आपणच काहीतरी बोलावं, अप्पांना सोडवावं. ती तशीच उभी राहिली. फोन वाजायला लागला, इनामदारांचा, तो वाजून थांबला. अप्पा काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"माझं," अप्पा म्हणाले.

"पूर्ण सांगा."

"आधी माझं." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, जवळजवळ ओरडून, "तिचं नंतर! आज आधी माझं!"

"सूनबाई?"

"अप्पांचं," रेवती म्हणाली.

एसएमपीएसनी वीज सोडली. कार्डाचे तिन्ही पंखे फिरू लागले. पडद्यावर धुकं आलं, धुक्यातून चिखलाचा रस्ता, आणि रस्त्याकडेला उभा असलेला दुसरा रणगाडा.

"नागू?" आतून आवाज आला. "आलास का बे? किती वाट बघायची?"

"आलो," अप्पा म्हणाले. खुर्चीत बसताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "डावीकडून घे. साखर किती निघाली तुझी?"

रेवती स्वयंपाकघरात जाऊन बसली. मधल्या खोलीतून तोफा वाजत होत्या आणि अप्पा गुडघ्याबद्दल बोलत होते, न थांबता, जोरजोरात. फोन पुन्हा वाजला तेव्हा तिने उचलला.

"वहिनी, गिऱ्हाईक उठायला लागलंय," इनामदार म्हणाले. "कॉम्प्युटर बंद आहे का?"

"चालू आहे. सासरे खेळतायत."

"अच्छा, त्यांचं आधी आहे का आज?"

"हो."

इनामदारांनी पलीकडे कुणाला तरी बसायला सांगितलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मग काय, थांबतो आम्ही," ते म्हणाले. "किती वेळ लागेल?"

"विचारलं नाही," रेवती म्हणाली, "आणि विचारणारही नाही."